निरीक्षणवहीचं स्थलांतर : प्रकल्प नोंदी

३ ऑगस्ट २०२५, रविवार

काम एकच. २०१३ पासून एका कंपनीच्या बंद (आतली रचना उघड नसलेल्या) सेवेत साठत गेलेली आमची ताऱ्यांच्या निरीक्षणाची वही तिथून बाहेर काढायची, आणि अशा जागी ठेवायची की पुन्हा कधी हलवावी लागली तर एका दुपारीत हलेल.

निमित्त परवाच्या मेलचं. १ डिसेंबरपासून सामायिक वह्या फक्त वर्गणीदारांना, आणि वही ज्यांच्याशी सामायिक आहे त्यांनाही वेगळी वर्गणी. म्हणजे मी आणि सर, दोघांनी भरायची. सर माझे शाळेतले भौतिकशास्त्राचे शिक्षक. आता ७८ वर्षांचे आहेत आणि अजूनही रात्री खुर्ची टाकून बसतात. वर्गणीचं ओझं होईल असं नाही. मला लागलं ते वेगळंच. मेल वाचताक्षणी मनात आलं, "भरून टाकू या." असं का वाटलं याचा विचार केला तेव्हा कळलं की बाहेर कसं पडायचं हेच मला माहीत नव्हतं. बारा वर्षांत निर्यातीचं बटण एकदाही दाबलेलं नाही. सेवा घेताना किती जागा मिळते, फोनवर चालते का, दिसते कशी, सगळं पाहिलं होतं. निघताना काय काय हातात देतात, एवढंच विचारायचं राहिलं.

नियम ठरवला : या कामाला लागणारा प्रत्येक तास लिहायचा. रकाने दोन. 'बाहेर' म्हणजे जुन्या जागेतून निघायला गेलेला वेळ. 'घर' म्हणजे नवी खुली जागा उभी करायला आणि सांभाळायला गेलेला वेळ. खुलं ते फुकट असं मी धरून चालणार नाही.

४ ऑगस्ट

मोजदाद. नोंदी १,१४०. रेखाटनं २८६. सरांचे शेरे ४१२. नोंदींपैकी २०३ नोंदींमध्ये फक्त "ढग" एवढाच शब्द आहे. हा सरांचा आग्रह : दिसलं नाही तेही लिहायचं. नाहीतर दहा वर्षांनी कळणार कसं की त्या रात्री तारा मंद होता, आकाश झाकलेलं होतं, की आपण झोपलो होतो?

वेळ : बाहेर १.

९ ऑगस्ट, शनिवार

निर्यात केली. एका वेळी एकच वही निघते. आमच्या वह्या वर्षाला एक, म्हणजे तेरा फेरे. हाती आलेली गाठोडी उलगडून पाहण्यात सगळा दिवस गेला.

मजकूर आला आहे, एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानांच्या स्वरूपात. तो शाबूत आहे आणि ही मोठीच गोष्ट. बाकीचं सांगते.

एका नोंदीतून दुसऱ्या नोंदीकडे जाणारे दुवे अजून त्या सेवेच्याच पत्त्याकडे बोट दाखवतात. "मागच्या वर्षीची मीरा पाहा" (मीरा हा तेज बदलणारा तारा) यावर टिचकी मारली की लॉगिनचं पान उघडतं. दुवा ज्या नोंदीकडे जायचा ती नोंद माझ्याच फोल्डरमध्ये तीन ओळी खाली पडलेली आहे.

रेखाटनं चित्र म्हणून आली, चपटी होऊन. पेनाची रेघ कुठून सुरू झाली, कुठे दाब दिला, ते वेगळ्या फाइलमध्ये आहे आणि ती फाइल त्यांच्या ॲपशिवाय कशातच उघडत नाही.

फाइलींच्या तारखा सगळ्या आजच्या, ९ ऑगस्ट २०२५.

शेरे नाहीत. आधी वाटलं वेगळ्या फोल्डरमध्ये असतील. मग सरांचं एक वाक्य आठवून सगळीकडे शोधलं : "दक्षिणेकडे धूसर आहे, या आकड्यावर विसंबू नकोस." शून्य निकाल.

वेळ : बाहेर ५.

१० ऑगस्ट

मदत विभागाला लिहिलं, उत्तर लगेच आलं. शेरे निर्यातीत समाविष्ट नाहीत.

युरोपच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्याचं २० वं कलम वाचून काढलं. २५ मे २०१८ पासून लागू आहे. आपण दिलेली माहिती सुसूत्र, सर्रास वापरात असलेल्या आणि यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात परत मिळण्याचा हक्क त्यात आहे. माझ्या मते गेल्या काही वर्षांत सामान्य वापरकर्त्याच्या बाजूने झालेल्या चांगल्या कामांपैकी हे एक. पण कलमात 'आपण दिलेली' असा शब्द आहे आणि दुसऱ्यांच्या हक्कांना बाधा येऊ नये अशीही अट आहे. माझ्या नोंदीखाली सरांनी लिहिलेला शेरा कुणाचा? कायद्याच्या नजरेने बहुधा सरांचा. मग सरांच्या खात्यातून निर्यात करून पाहिली. त्यांच्या खात्यात वही 'दुसऱ्याची' म्हणून दिसते, त्यामुळे तिथे निर्यातीचं बटणच नाही.

दोघांच्या बोलण्यातून तयार झालेली वस्तू दोघांपैकी कुणाच्याच हातात येत नाही. वर्गणीच्या तक्त्यात या नुकसानीला रकाना नसतो.

वेळ : बाहेर २.

१६ ऑगस्ट, शनिवार

तारखांचं प्रकरण. हे नीट लिहून ठेवते, कारण असं काही असू शकतं हे मला कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

२०१७ मध्ये वही सरांशी सामायिक केली, तेव्हा आधीच्या सगळ्या नोंदींवर 'निर्मितीची तारीख' म्हणून त्या दिवसाचीच तारीख बसली. तेव्हा लक्षात आलं नाही. आता खरी तारीख उरली आहे ती फक्त शीर्षकात, आणि शीर्षकात तारीख आपोआप पडायची ती त्या वेळच्या फोनच्या सेटिंगप्रमाणे. २०१४ ते २०१७ मध्ये माझे दोन फोन झाले. एकावर दिवस आधी, दुसऱ्यावर महिना आधी. त्यामुळे "०१/१०/२०१६" म्हणजे १ ऑक्टोबर की १० जानेवारी? अशा संदिग्ध नोंदी १३७ निघाल्या.

मला वाटलं, चंद्र सोडवेल. बऱ्याच नोंदींत चंद्राची कला लिहिलेली आहे. स्टेलॅरियम हे खुलं तारांगण सॉफ्टवेअर उघडलं आणि दोन्ही तारखांचा चंद्र पाहिला. १० जानेवारी २०१६ : अमावास्या. १ ऑक्टोबर २०१६ : अमावास्या. योगायोग म्हणून पुढची घेतली, "०५/०६/२०१६". ६ मे : अमावास्या. ५ जून : अमावास्या. तिसरी, चौथी, पाचवी, सगळीकडे दोन्ही तारखांना चंद्र सारखाच. मी खुर्चीतून उठले.

कागद घेतला तेव्हा उलगडलं. दिवस आणि महिना यांची अदलाबदल केली की जितके महिने पुढे जातो तितकेच दिवस मागे येतो. एक महिना सरासरी ३०.४ दिवसांचा. त्यातून एक दिवस वजा केला की २९.४. आणि अमावास्येपासून अमावास्येपर्यंत २९.५ दिवस. म्हणजे तारीख उलटी वाचली तरी चंद्र जवळपास त्याच कलेवर येतो. या घोळात साक्षीदार म्हणून चंद्राचा उपयोग नाही.

वेळ : बाहेर ४. यातला अर्धा तास आनंदाचा होता, पण नियम म्हणजे नियम.

१७ ऑगस्ट

गुरूने सोडवलं. "०१/१०/२०१६" च्या नोंदीत गुरूचं रेखाटन आहे, चार चंद्रांसह. गुरू २६ सप्टेंबर २०१६ ला सूर्याच्या युतीत होता, म्हणजे आकाशात सूर्यालगत, त्यामुळे १ ऑक्टोबरला तो दिसणं शक्यच नव्हतं. म्हणजे ती १० जानेवारीची रात्र. इतर नोंदींत मृग, वृश्चिक, श्रवण जे दिसलं त्यावरून ऋतू लागला, आणि ऋतू लागला की महिना लागतो. १३७ पैकी ११८ लागल्या. उरलेल्या १९ वर "तारीख संदिग्ध" असं लिहून ठेवलं. अंदाजाने तारीख घालायची नाही. संशोधक उद्या यातला आकडा उचलू शकतो.

यापुढे एकच पद्धत : वर्ष, महिना, दिवस, आणि वेळ यूटीसीत, म्हणजे जगभर एकच धरल्या जाणाऱ्या प्रमाणवेळेत. २०१६-०१-१०. आयएसओ ८६०१ हे मानक १९८८ पासून आहे. फाइलींची नावं अशी ठेवली की त्या आपोआप काळाच्या क्रमाने लागतात, त्यासाठी ॲपची गरज नाही.

वेळ : बाहेर ६.

२३ ऑगस्ट, शनिवार

नवी जागा ठरवली. साध्या मजकुराच्या फाइली, मार्कडाउनच्या मोजक्या खुणा, वर्षाला एक फोल्डर. आकड्यांचा वेगळा तक्ता, एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये. बदलांचा इतिहास गिटमध्ये. लॅपटॉप आणि फोन यांच्यात फाइली सारख्या ठेवायला एक खुलं सिंक साधन.

गिट का, यावर दोन ओळी, कारण त्याचा जन्मच या विषयातला आहे. लिनक्स या खुल्या संगणक-प्रणालीचं कर्नल, म्हणजे गाभा, २००२ पासून बिटकीपर या बंद प्रणालीत सांभाळलं जात होतं. विकसकांना ती फुकट वापरायची परवानगी होती. २००५ मध्ये परवानगी काढून घेतली गेली. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स याने एप्रिल २००५ मध्ये काही दिवसांत गिटचा पहिला सांगाडा उभा केला. तेव्हाही बिटकीपरबद्दल आक्षेप घेणारे होते आणि 'चाललंय ना नीट' म्हणणारेही होते. फुकट मिळणं आणि हक्काचं असणं यातला फरक त्या वसंतात जगातल्या सगळ्यांत मोठ्या खुल्या प्रकल्पांपैकी एकाला सोसावा लागला. त्यांच्याकडे टोरवाल्ड्स होता. बहुतेकांकडे नसतो.

आणि ज्या उदाहरणाने मला सगळ्यांत धीर दिला ते आमच्याच क्षेत्रातलं, फिट्स. दुर्बिणींनी टिपलेली आकाशाची चित्रं आणि मोजमापं साठवायची ही पद्धत १९८१ मध्ये प्रसिद्ध झाली. सुरुवातीचा मथळा साध्या अक्षरांत, ८० अक्षरांच्या ओळींत, कुठल्याही मजकूर-साधनाने वाचता येईल असा. तिच्या कर्त्यांनी एक नियम घालून घेतला : एकदा जे वैध फिट्स ते कायम वैध. पुढे कितीही सुधारणा करा, जुनी फाइल अवैध ठरता कामा नये. हबलची चित्रं फिट्समध्ये आहेत, जेम्स वेबचीही. चाळीसहून अधिक वर्षांत चुंबकी फिती गेल्या, कंपन्या बुडाल्या, संगणकांच्या पिढ्या उलटल्या, तरी जुन्या फाइली उघडतात. ताऱ्याचा एक फेरा माणसाच्या नोकरीपेक्षा मोठा असू शकतो, हे ठाऊक असलेल्यांनी केलेली रचना आहे ती.

वेळ : घर ७. वाचन आणि चाचण्या धरून.

३० ऑगस्ट

सरांना फोन केला. मोठ्या उत्साहाने सांगायला सुरुवात केली, पाच मिनिटांनी त्यांनी थांबवलं.

"अगं, तू सांगतेस ते बरोबर असेल. पण मला आता परत नवीन काही शिकायला लावू नकोस. त्या आधीच्या ॲपलाच सहा महिने लागले होते."

"सर, फार वेगळं नाहीये. फोल्डर असतो, त्यात फाइल—"

"आणि ती फाइल दुसरीकडे गेली नाही तर मी कुणाला विचारायचं? तुलाच ना?"

मी गप्प झाले. खरं होतं. सहा महिने शिकले तो खर्च सरांनी आधीच भरलेला आहे. आता मी दुसऱ्यांदा भरायला सांगत होते, तेही माझ्या तत्त्वासाठी. जागा बदलायचं ठरवतो एक जण, पण बदलावं लागतं त्याच्याबरोबरच्या सगळ्यांना. म्हणून तर माणसं निघत नाहीत.

थोड्या वेळाने तेच म्हणाले, "मेल चालेल का? मेल मला जमते."

चालेल सर. फार छान चालेल. मेलच्या देवाणघेवाणीचा नियम ऑगस्ट १९८२ चा आहे, कुणाच्या मालकीचा नाही. सरांची मेल एका कंपनीकडे, माझी दुसरीकडे, आणि तरी ती पोहोचते. यात काही नवल आहे हे आपण विसरूनच गेलो आहोत. गप्पांच्या ॲप्सचंही असं होऊ शकलं असतं. २००५ मध्ये आलेलं गूगल टॉक एक्सएमपीपी या खुल्या नियमावर चालायचं, बाहेरच्या सर्व्हरशी बोलायचं. २०१३ मध्ये हँगआउट्स आलं आणि तो रस्ता बंद होत गेला.

ठरलं : सर नेहमीसारखी मेल लिहितील. माझी छोटी स्क्रिप्ट ती उचलून त्या तारखेच्या फाइलीत लावेल. सरांनी काहीच शिकायचं नाही. हा तास कुठल्याच रकान्यात घालत नाही.

८ सप्टेंबर, सोमवार

काल खग्रास चंद्रग्रहण. नव्या वहीतलं पहिलं खरं निरीक्षण. खग्रास स्थिती १७:३० ते १८:५२ यूटीसी, ८२ मिनिटं. लाल रंग खालच्या कडेला गडद, वर नारिंगी. फोनवर लिहीत होते, मध्येच घरात येऊन लॅपटॉपवर दोन ओळी घातल्या. फोनला तेव्हा नेटवर्क नव्हतं. सकाळी पाहते तर एकाच नोंदीच्या दोन प्रती, दुसरीच्या नावात 'संघर्ष' अशी खूण. ते जुळवताना घाईत चुकीची प्रत फोनवर पुसली, आणि सिंकने आज्ञाधारकपणे लॅपटॉपवरही पुसली.

घामच फुटला. मग आठवलं की रात्री उशिरा झोपण्याआधी गिटमध्ये नोंद केली होती. त्यातून मजकूर परत आला, फोनवरच्या शेवटच्या चार ओळी गेल्या. त्या आठवून लिहिल्या आणि "स्मरणावरून" असं पुढे नमूद केलं.

जुन्या सेवेत हे झालं नसतं. दोन ठिकाणी लिहिलेलं ती गुपचूप जुळवून घ्यायची, आणि ते काम उत्तम करायची. हे प्रामाणिकपणे लिहायलाच हवं. ते सगळं काम आता माझ्या अंगावर आलं आहे. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, हे वाचलेलं होतं, पण आज अंगाला लागलं. आता वेगळ्या डिस्कवर रोज रात्री प्रत, आणि ती डिस्क सिंकला जोडलेली नाही.

वेळ : घर ४.

२० सप्टेंबर, शनिवार

सरांनी १९९८-९९ मध्ये टाइप केलेली टिपणं सापडली : रूपविकारी (तेज बदलणाऱ्या) ताऱ्यांची ओळख, विद्यार्थ्यांसाठी. फाइल उघडते, पण पडद्यावर रोमन अक्षरं, विरामचिन्हं आणि तिरक्या खुणांचा खच. ज्यांनी त्या काळात देवनागरीत काम केलं आहे त्यांना लगेच कळेल. फाइलीत देवनागरी नाहीच. फाँट तयार करणाऱ्याने रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले होते. फाँट असेल तोवर मराठी, नसेल तर कचरा. प्रत्येक कंपनीची जुळणी वेगळी आणि ती कुठे जाहीर केलेली नसायची. युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत, १९९१ मध्ये, देवनागरी होती. म्हणजे खुलं मानक होतं, पण हातातल्या यंत्रावर ते नांदायला बरीच वर्षं लागली.

पूर्ण दिवस तक्ता बांधण्यात गेला : कोणत्या खुणेला कोणता तुकडा. मग खरी अडचण सुरू झाली. जुन्या फाइलीत अक्षरं डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने ठेवलेली आहेत, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. 'किरण' मध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसते 'क' च्या आधी, म्हणून जुन्या फाइलीत ती आधी. युनिकोडला ती 'क' नंतर हवी. 'स्थिती' मध्ये पहिली वेलांटी अख्ख्या 'स्थ' ला ओलांडून पलीकडे न्यावी लागते. रफाराचं उलट. 'सूर्य' मध्ये रफार दिसतो 'य' च्या डोक्यावर, म्हणून जुन्या फाइलीत तो 'य' च्या मागून येतो, पण युनिकोडमध्ये 'र' आधी. आणि 'वर्षांत' सारख्या शब्दात रफार, काना आणि अनुस्वार यांची आपसात रांग ठरवायची. आधी नुसतं चिन्हाला चिन्ह बदलून पाहिलं होतं, तेव्हा सगळे 'सूर्य' मोडून पडले.

संध्याकाळी ४१ पानं वाचण्याजोगी झाली. तक्ता आणि स्क्रिप्ट खुल्या परवान्याखाली ठेवून दिली आहे. त्याच फाँटमध्ये अडकलेली आणखी कुणाची पानं असतीलच.

हा खर्च 'बाहेर' मध्येच धरते. सव्वीस-सत्तावीस वर्षांपूर्वी घेतलेल्या फाँटचं देणं ते, फेडलं आज.

वेळ : बाहेर ८.

४ ऑक्टोबर

आतापर्यंतची बेरीज. बाहेर २६, घर ११.

आकडे खुल्याच्या बाजूने दिसतात, पण यावरून निष्कर्ष काढायची घाई नको. 'बाहेर' चा खर्च एकदाच होणार आहे, 'घर' चा दर महिन्याला थोडा थोडा चालूच राहील. शिवाय 'घर' मध्ये न दिसणारा एक खर्च आहे, जो मी भरत नाही. माझ्या वापरातली साधनं कुणीतरी रात्री, सुट्टीच्या दिवशी सांभाळतं. मार्च २०२४ मधलं एक्सझेड प्रकरण आठवतं. जगभरच्या लिनक्स यंत्रांत असलेली फाइली दाबून लहान करणारी लायब्ररी, आणि तिचा मुख्य भार वर्षानुवर्षं एकाच थकलेल्या माणसावर. मदतीला म्हणून आलेल्याने विश्वास कमावला, हातात अधिकार आल्यावर आत चोरदरवाजा घातला. अँड्रेस फ्रॉइंड या विकसकाला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, तो खोदत गेला आणि २९ मार्चला त्याने सगळं उघड केलं. कोड खुला होता म्हणून त्याला खोदता आलं. पण तो थकलेला माणूस एकटा होता, तोही खुल्याच व्यवस्थेत. हे दोन्ही मला एकाच वेळी खरं वाटतं.

म्हणून आज एक केलं. जुन्या सेवेला जेवढी वर्गणी भरायची होती तेवढी रक्कम मी वापरते त्या दोन प्रकल्पांना दर वर्षी द्यायची. याला तास लागले नाहीत.

१२ ऑक्टोबर

शेरे हाताने उतरवले. हा आणि मागचा, असे दोन शनिवार-रविवार. पडद्यावर नोंद उघडायची, उजवीकडची शेऱ्यांची पट्टी उघडायची, एकेक शेरा निवडून नक्कल करायची, तारीख टाइप करायची. तारखेची नक्कल होत नाही. ती "५ वर्षांपूर्वी" अशी दिसते, त्यावर बोट धरलं की खरी दिसते आणि बोट काढलं की जाते.

फेब्रुवारी २०२० च्या नोंदींवर सगळ्यांत जास्त वेळ गेला. मृगातला काक्षी, म्हणजे बीटलज्यूझ, २०१९ च्या अखेरीपासून मंदावत होता. जगभरचे लोक रोज रात्री त्याच्याकडे पाहत होते. मी ११ फेब्रुवारीला लिहिलं आहे : "काक्षी १.६, बेलाट्रिक्सइतकाच." (आकडा तेजाची प्रत दाखवतो, जितका मोठा तितका तारा मंद; बेलाट्रिक्स हा मृगातलाच दुसरा तारा.) खाली सरांचा शेरा : "तुझा आकडा पाहण्याआधी मी माझा कागदावर लिहिला. १.६. आता पाठव." खरोखरच तो काळ त्या मंदपणाचा तळ होता. ताऱ्याने बाहेर टाकलेल्या द्रव्याची धूळ आड आली होती, हे नंतर कळलं. माझ्या नोंदीत नुसता आकडा आहे. तो दोघांनी स्वतंत्रपणे काढला, ही गोष्ट फक्त शेऱ्यात आहे. निर्यातीत तो शेरा नाही, म्हणजे पुराव्यातला अर्धा भाग नाही.

मायक्रोसॉफ्टने जुलै २०१९ मध्ये ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं तेव्हाची गोष्ट आठवली. विकलेली पुस्तकं उघडायची बंद झाली, पैसे परत मिळाले. ज्यांनी पुस्तकांत टिपा किंवा खुणा केल्या होत्या त्यांच्या खात्यात वर २५ डॉलर जमा झाले. निदान टिपांचीही काही किंमत असते हे त्यांनी मान्य केलं, तेवढं मला बरं वाटलं. पण टिपा गेल्या त्या गेल्याच.

४१२ पैकी ४०९ उतरले. तीन शेरे ज्या नोंदींना होते त्या नोंदी मीच कधीतरी पुसलेल्या दिसतात.

वेळ : बाहेर १४.

२६ ऑक्टोबर

रेखाटनांचा मूळ रेघांचा डेटा सोडवायचा प्रयत्न केला. तीन तास. फाइलीच्या सुरुवातीचे काही बाइट ओळखीचे, पुढे दाबून बंद केलेलं. सोडून दिलं. चपटी चित्रं आहेत, ती पुरतील. पुढची रेखाटनं एसव्हीजीमध्ये, म्हणजे रेघ न् रेघ मजकूर म्हणून वाचता येते.

बॅकअप डिस्कवरून अख्खी वही दुसऱ्या यंत्रावर उभी करून पाहिली. उभी राहिली.

वेळ : बाहेर ३, घर २.

९ नोव्हेंबर, रविवार

खातं बंद केलं. त्याआधी शेवटची पडताळणी : १,१४० नोंदी, २८६ चित्रं, ४०९ शेरे, १९ संदिग्ध तारखा, मृत दुवे शून्य. पूर्वी सेवेच्या पत्त्याकडे जाणारे ६३ दुवे आता शेजारच्या फाइलीकडे जातात. बंद करण्याच्या बटणापर्यंत पोहोचायला सहा पडदे लागले, मध्ये दोनदा सवलत देऊ केली गेली.

एकूण : बाहेर ४३, घर १३. नवी सेवा घेण्याआधी यापुढे मी एक चाचणी करणार आहे. पहिल्या आठवड्यात दहा नोंदी घालायच्या, शेरे, चित्रं, दुवे सगळं घालायचं, आणि लगेच निर्यात करून बघायचं काय परत येतं. मी हे २०१३ मध्ये केलं असतं तर अर्धा तास लागला असता.

सरांना कळवलं. उत्तर एका ओळीचं : "माझे शेरे नीट आले ना? काही ठिकाणी मी तुला उगाच रागावलो होतो, ते काढू नकोस."

काढलेले नाहीत.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सरांच्या मेलमधून स्क्रिप्टने आपोआप बनवलेली पहिली फाइल. कालपर्यंत मी हाताने लावत होते. मेलच्या तळाशी येणारी जुन्या मेलची शेपटी कापायला त्रास होत होता, तो सुटला. घर १.

फाइल २०२५-११-२२ :

"मृग उगवला तेव्हा थोडी फट होती, मग नाही. साडेअकरापर्यंत थांबलो. ढग."